ऐपत आधी सांगा, हिशेब नंतर मागू नका

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून संध्याकाळी शिकवणीला जाणाऱ्या दप्तरांबरोबर आता बॅडमिंटनच्या किटबॅगाही दिसतात. लांबून हा खेळ स्वस्त वाटतो. मूल स्पर्धेत उतरले की खर्च कळतो. सोळा पिसांचे शटल जोरकस सरावात फार टिकत नाही. रॅकेटचे गटिंग, म्हणजे तारा बदलणे, पुन्हा पुन्हा करावे लागते. शिवाय बूट आणि कोचची फी. पंधरा किंवा सतरा वर्षांखालच्या गटात रँकिंग हवे असेल तर गावोगावच्या स्पर्धा, प्रवास, मुक्काम आणि आईची किंवा वडिलांची रजा. एवढे करून मूल पहिल्याच फेरीत हरते आणि परतीच्या गाडीत कोणीतरी बोलून जाते, "तुझ्यासाठी किती पैसे घातले, काही कल्पना आहे का?"

असे बोलणारे आईबाप वाईट नसतात. ते दमलेले असतात, काळजीत असतात. तरीही या एका वाक्याने मायेने दिलेले कर्ज होऊन बसते आणि कर्जदार असतो बारा वर्षांचा पोरगा. पुढच्या सामन्यात १९-१९ वर सर्व्हिस करताना त्याच्या मनात घरचा खर्च घोळत राहतो. रेषेलगत फटका मारायला तो धजावत नाही. बाहेर पडलेले शटल आत पडले म्हणण्याचा मोह त्याला याच धाकातून होतो. जन्मतारीख बदलून मुलाला लहान गटात खेळवावे, असे मोठ्यांच्या मनात येते तेही घातलेला पैसा वसूल व्हावा म्हणूनच.

द्यावे कसे, हे कोल्हापूरला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कुस्तीगीर खाशाबा जाधव गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे ते सहावे आले. पदक नव्हते, तरी कोल्हापूरने हात आखडता घेतला नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदकाची हमी तेव्हाही नव्हती. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. वैयक्तिक खेळातले स्वतंत्र भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. नंतर त्यांनी कुस्त्या भरवून प्राचार्यांचे पैसे फेडले. मला या कथेत रकमेपेक्षा जोखीम कोणी पत्करली हे मोठे वाटते. गहाण पडले ते देणाऱ्याचे घर. आखाड्यात उतरणाऱ्याला फक्त कुस्तीकडे पाहायचे होते.

प्रत्येकाने घर गहाण टाकावे, असे मी म्हणणार नाही. २००१ ची ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकलेले आणि सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू यांना घडवणारे पुल्लेला गोपीचंद यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले, की घरची आर्थिक बाजू भक्कम नसेल तर मुलांना खेळात घालू नका, असा सल्ला आपण पालकांना देतो. सामान्य घरातल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटेल, आणि देशाने त्याची लाज बाळगावी अशीच ही परिस्थिती आहे. पण एक गोष्ट त्यातून घेण्यासारखी आहे: विचार आधी करायचा. वर्षाला किती झेपेल, किती स्पर्धांना पाठवता येईल, हे मुलाला जवळ बसवून मोकळेपणाने सांगावे. घरची ऐपत कळल्याने मूल खचत नाही, समंजस होते. ते खचते हरल्यावर ऐकवलेल्या आकड्याने. म्हणून निकाल काहीही लागो, मनाला डाचणार नाही एवढेच द्यावे, आणि दिल्यावर ते आपले राहिले नाही असे समजावे.

मदत केवळ पैशाची नसतेच. नागपूरच्या मालविका बनसोडने २०२२ च्या इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवले. तिची आई दंतवैद्य. मुलीच्या खेळासाठी तिने क्रीडाविज्ञानाचे शिक्षण घेतले. प्रत्येक आईला हे जमणार नाही. पण मुलाची झोप, जेवण, दुखरा गुडघा, बुडालेला अभ्यास यांकडे लक्ष देणे आणि तंत्र कोचवर सोडणे, एवढे तर कुठल्याही घरात जमेल.

आणखी एक मोकळीक मुलाला हवी, ती म्हणजे वाट बदलण्याची. आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. ‘टेनिसवर एवढा खर्च झाला, आता तेच खेळ’ असे बजावले गेले असते, तर कदाचित ही वाट त्यांना सापडली नसती. तुमच्या मुलीला उद्या रॅकेट ठेवून पुस्तक किंवा तबला हाती घ्यावासा वाटला, तर तो तिचा हक्क आहे.

आज सरावाला जाणाऱ्या मुलांपैकी फार थोडी राज्याच्या संघात पोचतील, देशाच्या संघात त्याहून थोडी. बाकीच्यांचा खर्च वाया गेला का? वसुलीसाठी दिला असेल तर गेला, आणि त्याबरोबर मुलाचा विश्वासही गेला. मूल खेळावे, घाम गाळावा, हरल्यावर समोरच्याशी मनापासून हात मिळवावा यासाठी दिला असेल, तर पहिल्या फेरीत हरलेल्या दिवशीही तो सत्कारणी लागलेला असतो.