‘असते तर’ आणि ‘असावे’

‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडून आले की त्याला शुद्ध इंग्रजी येत नाही असा निकाल तत्काळ दिला जातो. आणि इंग्रजी संभाषणाचे वर्ग दादरला भरोत की नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजमध्ये, ही चूक पाठांतर कमी पडल्याच्या खात्यावर टाकली जाते. हे निदान खटकणारे आहे. जी चूक हजारो माणसे एकाच जागी आणि एकाच पद्धतीने करतात, तिच्यामागे निष्काळजीपणा नसतो, तर दुसराच एखादा नियम काम करत असतो.

संकेतवाक्यांचे तीन प्रकार दाखवणारे कोष्टक शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. त्याहून मूलभूत भेद दोनच बाजूंचा आहे: संकेत खुला आहे की मिटलेला. ‘पाऊस पडला तर आवणी होईल’ यात पाऊस अजून पडू शकतो. ‘पाऊस पडला असता तर आवणी झाली असती’ यात तो पडला नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे. क्रिया घडायची राहून गेली या भावाला संस्कृत व्याकरणात ‘क्रियातिपत्ति’ म्हणतात आणि तो दाखवण्यासाठी लृङ् हे स्वतंत्र रूप वापरतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की संस्कृतात हे रूप अट आणि फल या दोन्ही उपवाक्यांत येते, आणि मराठीतही ‘असता’ आणि ‘असती’ अशी जोडी दोन्हीकडे उभी राहते. इंग्रजीत मात्र ही समता नाही: अटीच्या बाजूला काळ केवळ एक पायरी मागे सरकतो, तर ‘वुड’ फलाच्या बाजूलाच शोभते. मराठी माणूस दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ठेवतो तेव्हा तो आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतो.

याचा अर्थ असा की उपाय घोकंपट्टीत नसून तुलनेत आहे, आणि ही वाट नवी नाही. वसई तालुक्यातील तर्खड या गावावरून आडनाव घेतलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने उलट दिशेने, मराठी वाक्यांच्या आधारे इंग्रजी शिकवले. क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा अभिप्राय कळतो त्याला मराठी व्याकरण ‘अर्थ’ म्हणते, आणि स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे त्याचे चार प्रकार शाळकरी मुलालाही शिकवले जातात. इंग्रजीच्या तासाला मात्र ही शिदोरी उघडलीच जात नाही.

येथे एक प्रतिपक्ष उभा राहतो. हेन्री फाउलर यांनी 1926 च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात असे मत मांडले की, काही ठरावीक उपयोग सोडले तर ‘इफ आय वेअर’ मधील ‘वेअर’ किंवा मागणी दाखवणारे ‘बी’ यांसारखी इंग्रजीतील विशेष रूपे मरणपंथाला लागली आहेत. त्याचा आधार घेऊन अनेक जण विचारतात की खुद्द इंग्रजच ‘इफ आय वॉज’ म्हणत असतील तर ‘इफ आय वेअर’ चा आग्रह तुळिंजच्या मुलीने का धरावा. या प्रश्नाला सहज उडवून लावता येत नाही. ‘इफ आय वॉज रिच, आय वुड बाय अ हाउस’ या वाक्यात ‘वेअर’ नसूनही बोलणारा श्रीमंत नाही हे स्वच्छ कळते, कारण मागे सरकलेला काळ आणि पुढचे ‘वुड’ मिळून संकेत मिटवतात. ज्या ‘वेअर’ ला शुद्धतेची कसोटी मानले जाते, त्यावर अर्थाचा भार जवळजवळ पडतच नाही. औपचारिक लेखनात ते अजूनही अपेक्षित असते, म्हणून शिकवावे. पण त्यावरून कुणाची पात्रता ठरवणे अन्यायाचे आहे.

प्रतिपक्षाचा अर्धा भाग असा मान्य केला तरी दुसरा अर्धा मान्य करता येत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्तात ‘द मेंबर्स इन्सिस्टेड दॅट द अकाउंट्स वेअर ऑडिटेड’ असे लिहिले, तर हिशेब तपासले गेले होते असे सभासदांनी ठासून सांगितले असा अर्थ होतो. ‘वेअर’ च्या जागी ‘बी’ घातले, तर ते तपासले जावेत अशी मागणी होते. एक वाक्य घडलेल्याचा दावा करते, दुसरे करावयाचे कर्तव्य लादते, आणि हा सगळा फरक त्या एका लहान रूपावर उभा आहे. हे रूप मेलेलेही नाही. विसाव्या शतकात अमेरिकी वापरातून ते पुन्हा बळावले.

मराठी माणसाला तर ते परके वाटण्याचे कारणच नाही, कारण ‘तपासले जावेत’ मधील ‘वे’ हा प्रत्यय संस्कृतातील ‘तव्य’ पासून प्राकृतमार्गे आला आहे. या ‘तव्य’ चा जुना पुरावा याच परिसरात आहे. तुळिंजपासून जवळच्या सोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि 1956 मध्ये जवळच्याच भुईगावातून नवव्याचा तुकडा मिळाला. निरर्थक मंगलविधी सोडून सदाचाराचाच विधी करावा, असे पित्याने, भावाने, धन्याने सांगावे, हा त्या नवव्या लेखाचा आशय आहे, आणि त्यासाठी त्याच्या प्राकृतात ‘तव्य’ ची रूपे वापरली आहेत. काय घडले हे सांगणारी आणि काय व्हावे हे सांगणारी क्रियापदे वेगळी ठेवण्याची गरज या परिसरात बावीसशे वर्षांपूर्वीच लेखी नोंदली गेली आहे.

म्हणून शिकवण्याचा क्रमच बदलला पाहिजे. ‘सचिवांनी पत्र द्यावे’ या विध्यर्थापासून सुरुवात करून ठरावातील ‘बी’ आधी पक्के करावे. मग ‘असता’ आणि ‘असती’ ची जोडी समोर ठेवून इंग्रजी अटीच्या बाजूला ‘वुड’ का टाळते ते समजावावे. आणि ‘वेअर’ सर्वांत शेवटी, औपचारिक शिष्टाचार म्हणून सांगावे. आजचे वर्ग शेवटच्या गोष्टीपासून आरंभ करतात आणि पहिलीपर्यंत पोहोचतच नाहीत, ज्यामुळे शिकणाऱ्याला अचूक दिसणारे वाक्य मिळते, पण मागणी आणि माहिती यांतला फरक इंग्रजीत लिहून दाखवण्याचे सामर्थ्य मिळत नाही.