बियाण्याची कणगी आणि राष्ट्राचे ऋण

आपल्या पोशीरकडील जुन्या चालीचा शेतकरी कर्जाने कितीही गांजला असला, तरी बियाण्याची कणगी सहसा मोडीत नाही. ती सावकाराच्या दारी ओतणाऱ्यास प्रामाणिक म्हणावे काय? राबात पेरावयास दाणाच नसेल, तर राहिलेले ऋण कशातून फिटावे? एखादे राष्ट्र कर्जात बुडाले असता हाच प्रश्न उभा राहतो.

घाटावर तो पूर्वी रयतेपुढे आला होता. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या युद्धात कापसाचा भाव चढला, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. पुढे भाव उतरला, सरकारने सारा मात्र वाढविला, आणि सावकारांनी हात आखडला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या. जाळपोळ निंद्यच होती. तथापि 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने एक न्याय्य गोष्ट मान्य केली. न्यायाधीशाने केवळ रोख्यावरील आकडा न पाहता मूळ रक्कम किती व व्याज किती चढले हे तपासावे, हप्ते बांधून द्यावेत, आणि शेतकऱ्यास कर्जापायी तुरुंगात घालू नये, असे ठरले. ज्याने चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज दिले, त्याने उतरत्या भावाचा काही भार सोसावा, यात मला अधर्म दिसत नाही.

पण सावकारही हुशार. ते गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून मागू लागले. अनुवादाच्या पुस्तकात सातव्या वर्षीच्या कर्जमाफीबरोबरच, ते वर्ष जवळ आले म्हणून गरजूस विन्मुख पाठवू नये अशी ताकीद आहे, ती उगाच नव्हे.

आता राष्ट्राचे पाहू. श्रीलंकेने एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबविली. इंधन व औषधे आणावयासही परकीय चलन उरले नव्हते. 2024 साली परदेशी धनकोंनी मुदती वाढविल्या, व्याज उतरविले, आणि रोखेधारकांनी मुद्दलातही सूट दिली. बियाणे राखले गेले म्हणावयाचे. परंतु त्यापूर्वी, 2023 साली, सरकारच्या देशांतर्गत कर्जाची फेरमांडणी झाली, तेव्हा रोख्यांच्या अदलाबदलीतून बँका वगळण्यात आल्या आणि कामकऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीस कमी व्याजाचे रोखे पत्करावे लागले. बँका बुडाल्या तर ठेवीदारही बुडतील, हे कारण खोटे नव्हे. तरी कर्ज काढताना ज्या मजुरास कोणी विचारले नव्हते, त्याच्या म्हातारपणाची कणगी मोडून देशाची कणगी राखावी काय? याला 'होय' असे उत्तर मला अद्याप देववत नाही.