शंकासमाधान : फादरांना प्रश्न विचारावा का?

शंका : आमच्या नव्या फादरांनी पवित्र गुरुवारी पाय धुण्यासाठी बारा जणांत पाच बायका बसवल्या. त्यातली एक तर बाजारातून थेट आलेली मासेविक्रेती. जुनी मंडळी म्हणतात, प्रभूने पुरुषांचेच पाय धुतले, हा धर्मभंग आहे. खरे काय?
– एक वाचक, मालवण

समाधान : धर्मभंग मुळीच नाही. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार रोमने जानेवारी 2016 मध्ये या विधीचा नियमच बदलला. स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, धडधाकट-आजारी, कोणालाही निवडावे असे त्यात आहे. तुमच्या फादरांनी मनाचे काही केलेले नाही.

आता त्या बाईकडे बघा. पहाटे लिलावाला उभी राहिलेली, दिवसभर पाटी वाहिलेली. टाचांना भेगा, बोटांना चिकटलेले खवले. प्रभू कमरेला पंचा बांधून वाकला तो असल्याच मळलेल्या पायांसाठी. योहानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचा. या पाय धुण्याला पहिला आक्षेप खुद्द पेत्राने घेतला होता, आणि प्रभूने त्याला समजावले. जुन्या मंडळींवर रागावू नका, त्यांनाही तसेच समजवा. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) ती लोकांच्या भाषेत आली. तोही बदलच होता, आणि आज तो त्यांच्याच ओठांवर आहे.

शंका : चर्चमध्ये राहून चर्चवर टीका करायची, हे मला पटत नाही. पटत नसेल तर सरळ बाहेर पडावे. अशा सुधारकाला प्रामाणिक कसे मानायचे?
– एक वाचक, वेंगुर्ले

समाधान : त्याने स्वतः काय सोडले ते बघावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच मुलखातले. जन्म करजगावचा, रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि 1981 पर्यंत आपले तालुकेही त्याच जिल्ह्यात होते. त्यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. मराठी माणसाने ख्रिस्ताला परक्या चालीत का आळवावे, हा त्यांचा सवाल होता. सवाल टाकून ते बसले नाहीत. त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. प्रोटेस्टंट मंडळ्यांत त्यांची गाणी आजही गातात.

मिशनच्या आधारावर उभे असलेले चर्च त्यांना खुपत होते. म्हणून 1917 मध्ये त्यांनी आधी आपलाच पगार सोडला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवले. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

कॅथलिकांतले उदाहरण हवे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आहेत. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेले, 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 2024 मध्ये ते गेले, तोवर धर्मगुरूच राहिले. परक्याला घराची गळती दिसत नाही. ज्याला त्याच घरात राहायचे आहे तोच कौलांवर चढतो.

शंका : चर्चच्या जमाखर्चाबद्दल मी विचारले, तर घरचेच म्हणाले, तुझी श्रद्धा कमी झाली. मी चुकले का?
– एक वाचिका, सावंतवाडी

समाधान : ताई, तुम्ही चुकला नाहीत. 1983 च्या कॅनन कायद्याचे 212 वे कलम सांगते की चर्चच्या भल्याविषयीचे आपले मत धर्मगुरूंना कळवणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही आहे. मात्र आदर राखून. 537 व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा, असे 1287 वे कलम म्हणते.

तेव्हा आधी फादरांना एकटे भेटा. चारचौघांत, मिस्सा सुटताना नको. उत्तर मिळाले नाही तर अर्थसमितीला लेखी द्या. तिथेही अडले तर बिशपांना लिहा. 2005 पासून सिंधुदुर्गाचा धर्मप्रांत स्वतंत्र आहे आणि त्याचे ठाणे तुमच्याच गावात आहे. पत्राखाली स्वतःचे नाव घाला. निनावी पत्राने संशय वाढतो, सुधारणा होत नाही. आणि पुढच्या वर्षी अर्थसमितीसाठी माणसे हवी असतील, तेव्हा तुम्हीच पुढे व्हा.