तोच हा डोंगर?

पनवेलच्या पश्चिमेला उलव्याची टेकडी होती. सुमारे 90 मीटर उंचीची. नवी मुंबई विमानतळासाठी ती सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचं उद्‌घाटन झालं. पूर्वेला प्रबळगड आणि दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका मात्र आपल्या जागी आहेत. जुना फोटो हातात घेऊन पनवेलकर एका बाजूला ‘तोच हा’ म्हणू शकतो, दुसऱ्या बाजूला नाही.

‘तोच हा’ या दोन शब्दांवर भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. अशी ओळख पटणं म्हणजे प्रत्यभिज्ञा. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात, ओळख पटते त्या अर्थी वस्तू टिकून आहे. बौद्ध क्षणिकवाद्यांना हे मान्य नाही. दिव्याची ज्योत रात्रभर एकच वाटते, पण ती क्षणोक्षणी नवी असते; सारखेपणालाच आपण एकपणा समजून बसतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात इथे नेमकं बोट ठेवलं. बाहेरच्या वस्तूंबाबत एक वेळ असा संशय घ्या, पण काल पाहणारा आणि आज ओळखणारा एक नसेल, तर आठवण होणार कोणाला?

हा वाद छायाचित्रांत डोळ्यांनी पाहता येतो. टिमथी ओसलिव्हन यांनी 1870च्या आसपास अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरदऱ्यांचे फोटो काढले. 1977मध्ये मार्क क्लेट आणि त्यांचे सहकारी त्याच जागा शोधत निघाले. खडकांच्या कडा जुळवायच्या, सावल्या जुळाव्यात म्हणून ऋतू आणि वेळही साधायची, मगच कॅमेरा लावायचा. पुढे 2018च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयाने निसर्गछायाचित्रकार ॲन्सल ॲडम्स आणि त्यांच्या पुढच्या पिढीतले छायाचित्रकार एकत्र मांडले. ॲडम्स यांच्या चौकटीत डोंगर बहुधा निर्मनुष्य, अनादि वाटावा असा; नंतरच्यांच्या चौकटीत माणसं, वस्त्या आणि माणसाने केलेली उलथापालथही. त्यातले बिन्ह डान्ह चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर फोटो उतरवतात. आरशासारख्या त्या पत्र्यापुढे उभं राहिलं की योसेमिटी दरीच्या कड्यांवर पाहणाऱ्याचाच चेहरा उमटतो. द्रष्टा आणि दृश्य एकाच पत्र्यावर!

पण आचार्यांचा युक्तिवाद एका माणसाच्या आठवणीपुरता आहे. फोटो आजोबांनी काढला आणि पाहतोय नातू, तर डोंगरही बदललेला आणि पाहणाराही दुसरा. मग ओळख कोणाला पटते? फोटो एकटा ती पटवून देऊ शकत नाही, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. शेजारी बसून ‘ही बघ आपली टेकडी’ असं सांगणारं कोणीतरी लागतं. दोन पिढ्यांमधली प्रत्यभिज्ञा डोळ्यांपेक्षा या सांगण्यावर उभी असते.

ते सांगणं तुटलं की काय होतं, ते बोरघाटात दिसतं. रेल्वेचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत दगावला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे नेलं आणि घाटाच्या कामाचे फोटोही काढले. 1863मध्ये गाडी घाट चढली. त्या कामावर हजारो मजूर मेले. घाटाचे उतार आजही जुळवता येतील. त्या मजुरांची ओळख सांगणारं मात्र कोणी उरलं नाही.

उलव्याच्या टेकडीबाबत अजून तशी वेळ आलेली नाही. विस्थापित गावांतली माणसं वडघरला आहेत, पुष्पकनगरला आहेत. त्यांची देवळंही हलली. देवाचं शास्त्रात बसतं: मूर्तीतलं चैतन्य कलशात घ्यावं आणि नव्या गाभाऱ्यात पुन्हा प्रतिष्ठा करावी. डोंगराला अशी सोय नाही. तो ज्यांनी रोज पाहिला, त्यांच्या बोलण्यातच त्याला आता जागा आहे.

म्हणून पनवेलमध्ये दोन पिढ्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरायला हवं, आणि तेही लवकर. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारखी जागा शहरात आहे. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे इथल्या घरांतले लग्नाचे, पालखीचे, शेतातले जुने फोटो बाहेर काढा. मागे कुठेतरी ती टेकडी असेलच. आजच्या मुलांनी त्याच दिशेला कॅमेरा रोखून नवे फोटो काढावेत. आणि प्रत्येक जोडीशेजारी गावातल्या एका आजी-आजोबांसाठी खुर्ची ठेवावी.