सणाचा शिधा आणि दानाची रीत

श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा आपल्याकडे सणांचा काळ होय. अन्नदान हे श्रेष्ठ दान, ही गोष्ट देवदर्शनास येणाऱ्या भाविकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. विचार करावयाचा आहे तो दानाच्या रीतीचा. ऐन सणात ज्या घरी चणचण आहे, त्या घरास आपण काय द्यावे? एक वेळचे तयार भोजन, की त्या घराची चूल पेटेल असा शिधा?

वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात, कारण पोट दोहोंनीही भरते. परंतु पंगतीत जेवणारा हा पाहुणा असतो. शिधा नेणारी गृहिणी मात्र स्वतः रांधते, देवापुढे नैवेद्य ठेवते आणि आपल्या मुलाबाळांना स्वहस्ते वाढते. तिचे यजमानपण अबाधित राहते. शेजाऱ्याकडून आलेले फराळाचे ताट रिकामे परत करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. ज्या घरी ताटात घालण्यास काहीच नाही, ते घर हळूहळू आलेले ताट घेण्यासही संकोचते, आणि वस्तीत राहूनही वस्तीपासून तुटते. म्हणून गरजू कुटुंबास केवळ घेता यावे एवढे पुरेसे नाही. त्यालाही देता आले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की लाडू-करंजी ही काही गरज नव्हे. गरज आहे ती भाकरीची. हा आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. भाकरीचा आधार तो हाच. परंतु गहू-तांदळाने सण होत नाही. त्यास तेल, साखर, डाळ लागते, आणि याच वस्तू रोख पैशाने आणाव्या लागतात.

महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ दिला, तो ही अडचण ओळखूनच. रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर खाद्यतेल, असा हा संच शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत मिळे. पुढे गुढीपाडवा, गौरी-गणपती अशा सणांनाही तो देण्यात आला. शंभर रुपये मोजून घेतलेल्या वस्तूत घेणाऱ्याचा मान राहतो, हेही येथे ध्यानी घ्यावे. पहिल्या वर्षी काही ठिकाणी हे संच उशिरा पोहोचल्याच्या तक्रारी होत्या. सण उलटल्यावर आलेला रवा हा केवळ रवाच. २०२५ च्या गणेशोत्सवात व दिवाळीत निधीअभावी हा शिधा मिळाला नाही. शासनाचा हात आखडला, तरी सण थांबत नाहीत. अशा वेळी समाजाचे कर्तव्य वाढते.

रोडपालीसारख्या ठिकाणी हे कर्तव्य अधिक जाणवते. एका बाजूस कळंबोलीचा लोखंड बाजार, दुसरीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत. त्यामुळे हमाली, बांधकाम व मालवाहतुकीच्या कामासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेली कुटुंबे या परिसरात राहतात. अनेकांची शिधापत्रिका मूळ गावीच असते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेनुसार त्यांना आपल्या वाट्याचे धान्य येथील शिधावाटप दुकानातूनही घेता येते. त्यासाठी शिधापत्रिकेस आधार जोडलेला असावा लागतो. ज्यास हे ठाऊक नाही, त्यास ते समजावून सांगणे, त्याच्याबरोबर दुकानापर्यंत जाणे, हेही अन्नदानच. एक दिवसाच्या शिध्याने सण होतो. मिळवून दिलेल्या हक्काने वर्ष निभते.

अर्थात, ज्याला चूलच नाही त्याला शिधा देऊन उपयोग नाही. रस्त्यावर रात्र काढणारा, एकटा वृद्ध, रुग्णालयाच्या दारी बसलेला नातेवाईक यांना शिजवलेलेच अन्न हवे. तेथे अन्नछत्राची पंगत हेच खरे दान. देणाऱ्याने आपल्या सोयीपेक्षा घेणाऱ्याची स्थिती पाहावी, हाच यातील विवेक आहे.

सत्पात्र कसे ओळखावे, असा प्रश्न दानशूर भाविकांस पडतो. अंगणवाडी सेविका, शाळेचे शिक्षक, वस्तीतील जुनी माणसे यांना कोणत्या घरी ओढ आहे हे ठाऊक असते. त्यांच्याकडून समजून घ्यावे, म्हणजे कोणास रांगेत उभे राहून आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागणार नाही. शिधा सणापूर्वी आठवडाभर तरी पोहोचवावा. देताना छायाचित्र काढू नये, नावाचा फलक लावू नये. संध्यासमयी शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे जावे, तसे जावे.

अशा घरातून सणाच्या दिवशी झाकलेले एक ताट शेजारी गेले, तर आपले दान पोहोचले असे समजावे. ते ताट पाठविण्याचे भाग्य प्रत्येक घरास लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.