पेवातली ज्वारी कोणाची?

आबांच्या पुण्यतिथीला गाव स्मरणिका काढतंय आणि मुख्य लेख माझ्याकडे आलाय. आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधूच्या काठचं, नर्सी नामदेवला पायी दिंडी नेता येईल इतकं जवळ. आबा माळकरी, सप्ताहातले विणेकरी, आणि गावावर वेळ आली की सगळ्यांच्या पुढे. मसुदा मी आत्याला वाचून दाखवला. ती आबांची थोरली लेक. 1972 च्या दुष्काळात बारा-तेरा वर्षांची असेल. ‘दुष्काळात आबांनी गावासाठी पेव उघडलं’ या वाक्याशी तिनं मला थांबवलं.

आत्या : पेव एकट्या दादांचं होतं का?

मी : जमीन त्यांच्या नावावर होती.

आत्या : सातबारा त्यांच्या नावावर. खुरपणी, काढणी मायची. पेव भरताना आतून कडबा लावायला आणि वरून माती लिंपायलाही मायच. द्यायच्या दिवशी मात्र तिला कोणी विचारलं नाही. सकाळी पेव फोडलं, कोंडलेली हवा जाऊ दिली, कंदील खाली सोडून पाहिला. तो विझला नाही तेव्हा गडी आत उतरला. पेवातल्या ज्वारीला आंबूस वास असतो. तो वास घरात आला तेव्हा मायला कळलं.

मी : लोक उपाशी होते, आत्या. सगळा मराठवाडा खडी फोडायला जात होता, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळत होती. तेव्हा घरात विचारत बसायचं?

आत्या : विचारायला किती वेळ लागतो? ओसरीवरून चुलीपर्यंत जायला लागतो तेवढा.

मी : आणि विचारलं असतं तर आजी नाही म्हणाली असती?

आत्या : कशाला नाही म्हणेल? हो म्हणाली असती. म्हणून तर विचारायला पाहिजे होतं. तिच्या हो म्हणण्यानं ते दान दोघांचं झालं असतं. न विचारता दिलं, तर देणारे एकटे दादा झाले आणि माय नुसती जिचं गेलं ती.

मी : नवऱ्याच्या पुण्यात बायकोचा अर्धा वाटा असतो, असं आजीच सांगायची.

आत्या : पुण्याचं वरती काय होतं ते पांडुरंग बघेल. इथलं मी पाहिलंय. पुढं आमच्याही घरात मिलोच आली. धाकट्याला ती पचत नव्हती. दादाही तीच खात होते, खोटं बोलणार नाही. पण त्यांनी ठरवून खाल्ली. आमच्या ताटात ती आपोआप आली.

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी बाजू बदलली.

मी : समाजाचं काम करणाऱ्याला घराचं माप लावलं तर कोणी उंबरा ओलांडणारच नाही. आपल्याच जिल्ह्यातले कडोळीचे नानाजी देशमुख बघ. 1916 चा जन्म. राजकारण सोडलं, चित्रकूटच्या खेड्यांत काम उभं केलं, 2010 मध्ये गेल्यावर देहसुद्धा दान केला.

आत्या : त्यांनी लग्न केलं नव्हतं. जे दिलं ते स्वतःचं दिलं, देहासकट. दादांनी संसार मांडला, आम्हाला जन्म दिला, आणि द्यायची वेळ आली तेव्हा सगळं एकट्याचं धरलं.

मी : मग नामदेव महाराजांना काय म्हणशील? नर्सी हे त्यांचं जन्मगाव, साल 1270, अशी परंपरा आहे. घरी आई गोणाई, बायको राजाई, चार मुलगे. तरी ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. घर सांभाळत बसले असते तर हे झालं असतं?

आत्या : नसतं झालं. पण राजाई काय म्हणाली तेही सांग ना. मध्यरात्री एकांत पाहून ती रखुमाईकडं गाऱ्हाणं नेते. माझ्या नवऱ्याला वेड का लावलं, हे तुमच्या विठोबाला विचारा, म्हणते. कीर्तनात तो अभंग आला की मंडप हसतो. मला कधी हसू आलं नाही.

मी : तो राजाईनंच रचला की तिच्या नावावर दुसऱ्या कोणी, हे कसं सांगणार?

आत्या : कोणी का रचला असेना, गाथेतून काढला तर नाही ना? नामदेवांच्या अभंगांबरोबर तोही राहिला. त्यानं नामदेव लहान झाले का?

इथं मी हरलो, आणि हरलो याचा आनंदही झाला. माझा मसुदा आबांना जपत होता. पण ज्या परंपरेत आबा वाढले ती संताच्या बायकोची तक्रारही पोटात घेते. आबांची थोरवी इतकी तकलादू नव्हती की आजीचं नाव घेतल्यानं तडा जाईल.

मी : ठीक आहे. आजीवर अन्याय झाला, असं स्पष्ट लिहितो.

आत्या : तसं लिहिलंस तर ती स्मरणिका मी घरात ठेवणार नाही.

मी : आता का?

आत्या : पेव उघडलं दादांनी. दुसऱ्या दिवसापासून मापं कोणी घातली? मायनं. कोणाच्या घरात किती तोंडं, कोण बाळंतीण, कोण लाजेनं दारात येत नाही, हे तिलाच ठाऊक. बाळंतिणीला माप शिगोशीग. जी येत नव्हती तिच्याकडं मला पाठवायची, पदराखाली टोपली देऊन. तिला बिचारी करू नको. एकदा तिचं धान्य गेलं, आता तू तिचं देणंही काढून घेऊ नको.

मी ‘आबा-आजींनी पेव उघडलं’ असं करून पाहिलं. आत्यानं तेही खोडलं. उघडताना माय नव्हती, म्हणाली, उगीच घालू नको.

मी : मग आबा चुकले की नाही, एवढं तरी सांग.

आत्या : पेव उघडण्यात? मुळीच नाही. लोक मेले असते.

मी : म्हणजे बरोबर होते.

आत्या : तेही मी म्हटलं नाही.

आमचं तिथंच अडलंय. चांगल्या कामाच्या पोटात चूक असेल तर काम उणं होतं का, याचं उत्तर दोघांकडेही नाही. आता मसुद्यात दोन वाक्यं आहेत : ‘पेव आबांनी उघडलं, आजीला न विचारता. ज्वारी आजीनं वाटली.’ पुण्यतिथीच्या अंकात ‘न विचारता’ कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. पण ते शब्द मी काढणार नाही. ते गाळले तर वाचणारा एवढंच शिकेल, की मन मोठं असलं की घरच्यांना विचारायची गरज नसते. आबांच्या नावानं हा धडा पुढच्या पिढीला मिळू नये.