वाढत्या अंगाचा

जूनमध्ये शिंपी गणवेशाचं माप घ्यायला लागला की आई न चुकता सांगायची, ‘वाढत्या अंगाचा शिवा हो!’ मग पहिलं वर्ष त्या ढगळ बाह्यांत हात शोधण्यात जायचं. तिसऱ्या वर्षी खालची दुमड उसवली की विटलेल्या कापडाखाली मूळ रंगाचा गडद पट्टा दिसायचा. गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद झाकला जातो म्हणतात; आम्हाला तर त्या पट्ट्यावरूनच कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायचं.

तरीही गणवेश असावा, असंच माझं मत. सकाळी उठून आज काय घालू, हा प्रश्न निदान शाळेच्या वयात पडू नये.

२०२२च्या फेब्रुवारीत वर्गात हिजाब घालण्यावरून उडुपीत पेटलेला वाद कर्नाटकभर पसरला. १० तारखेला तिथल्या उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, की वर्गात धार्मिक वस्त्रं नकोत. पण जिथे गणवेश ठरवून दिलेला आहे, तेवढ्याच ठिकाणी हा आदेश लागू होता. म्हैसूरच्या एका खासगी महाविद्यालयात चार मुली हिजाब काढून वर्गात बसायला तयार नव्हत्या. १८ तारखेला महाविद्यालयानं आपला गणवेशच रद्द केला. गणवेश नाही, म्हणजे आदेशाची आडकाठीही नाही!

याला कुणी पळवाट म्हणेल, कुणी हट्टापुढे नमणं. मला त्यात त्या शिंप्याचं शहाणपण दिसलं. नियमालाही आतून चार बोटं दुमड लागते. नाहीतर अंग वाढलं की शिवण फाटते.

न्यायालयांत मात्र टाका बसला नाही. १५ मार्चला उच्च न्यायालयानं सरकारचा गणवेशाचा आदेश, म्हणजे पर्यायानं वर्गातली हिजाबबंदी, उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींची दोन मतं झाली: हेमंत गुप्ता बंदीच्या बाजूनं, सुधांशू धुलिया विरोधात. पुढच्या वर्षी डिसेंबरात मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी म्हैसूर जिल्ह्यातल्याच एका कार्यक्रमात बंदी उठवण्याची भाषा केली, आणि दुसऱ्याच दिवशी ते अजून विचाराधीन असल्याचं सांगितलं.

त्या महाविद्यालयानं चौघींसाठी दार उघडलं, ते मला पटतं. पण उरलेल्या मुलींचं काय? दोनच बरे ड्रेस असलेली एखादी त्यांच्यातही असणारच. त्यानंतर रोज सकाळी ती पत्र्याच्या ट्रंकेपुढे उभी राहिली असेल. काल निळा घातला होता. आज?